पोटमाळ्यावरची आगगाडी पुन्हा रुळावर आणताना

नेदरलँड्समध्ये काही वर्षं काढली की एक खोकं कधी ना कधी तुमच्यासमोर येतंच. नवीन घर घेतलं तर झोल्डरवर, म्हणजे पोटमाळ्यावर, आधीच्या मालकाने सोडून दिलेलं असतं. कधी ते क्रिंगलोपच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसतं, कधी २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, फुटपाथवर मांडलेल्या बाजारात. आमच्या लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्येही तेच. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक इंजिन, चार-पाच डबे, रुळांचे तुकडे आणि एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर. तीस-चाळीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. मुलं शेजारी उभी असतात आणि सगळ्यांच्या मनात एकच विचार येतो: लावून बघू या चालतंय का.

हा लेख त्या क्षणाबद्दल आहे. थांबा, अजून प्लग लावू नका.

वापरून वापरून गाडी झिजते, ती यांत्रिक झीज. पण नुसती पडून राहिलेली गाडी बिघडते ती रसायनशास्त्रामुळे. तीन गोष्टी घडतात. वंगणाचं तेल चिकट होऊन घट्ट बसतं. वीज वाहून नेणाऱ्या धातूंवर अडथळ्याचा थर चढतो. आणि काही गाड्यांमध्ये ओतीव धातू आतून फुटू लागतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त करता येतात, तिसरी नाही. मात्र घाईने वीज दिली, तर पहिल्या दोन किरकोळ दोषांचंही कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी ओळख: दोन रूळ की तीन?

इथल्या घरांमध्ये सापडणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा एचओ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराच्या असतात. युरोपातल्या खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की १६.५ येतात, आणि खेळण्यातल्या रुळांमधलं अंतरही तेवढंच असतं. (आपली भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. याच प्रमाणात ती १९ मिलिमीटरहून थोडी जास्त भरेल. म्हणून या रुळांवर भारतीय गाडीचं मॉडेल चालवलं तर रूळ किंचित अरुंद पडतात.)

आकार सारखा असला तरी विजेच्या दृष्टीने दोन वेगळ्या जाती आहेत. फ्लाइशमनसारख्या गाड्या दोन रुळांवर, डीसी विजेवर चालतात: एक रूळ धन, दुसरा ऋण, आणि साधारण १२ व्होल्ट. गाडी उलटी न्यायची तर दिशा बदलून वीज द्यायची. जर्मनीतल्या ग्यॉपिंगन गावच्या मेर्क्लिन कंपनीने मात्र १९३५ साली या छोट्या आकारात उतरताना एसी वीज आणि तीन वाहकांची पद्धत घेतली. तिथे दोन्ही बाहेरचे रूळ मिळून एक टोक, आणि मधला रूळ हे दुसरं टोक. पुढे मधल्या रुळाच्या जागी छोटे धातूचे ठिपके आले. इंजिनाच्या पोटाखालची लांबट पट्टी त्यांच्यावरून घसरत जाते. व्होल्टेज १६ पर्यंत. दिशा बदलायची तर २४ व्होल्टचा क्षणिक झटका द्यायचा, म्हणजे आतला रिले पलटतो.

इथे एक चांगला प्रश्न पडतो. एसी विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, मग मोटर एकाच दिशेने कशी फिरते? उत्तर असं की जुन्या मेर्क्लिन मोटरीत कायमचं चुंबक नसतंच. त्याच्या जागीही तारेचं वेटोळं असतं. वीज उलटली की फिरणाऱ्या भागाचं आणि स्थिर भागाचं चुंबकत्व एकदमच उलटतं. दोन वजा मिळून एक अधिक, त्यामुळे बलाची दिशा तीच राहते. आपल्या घरातल्या मिक्सरची मोटर याच तत्त्वावर चालते.

पण कायमचं चुंबक असलेल्या डीसी मोटरीला एसी वीज दिली, तर ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. म्हणून खोक्यातलं इंजिन आणि खोक्यातला ट्रान्सफॉर्मर एकमेकांचेच आहेत असं गृहीत धरू नका. ट्रान्सफॉर्मरवर काय छापलंय ते वाचा आणि इंजिन उलटं करून बघा. पोटाखाली लांब पट्टी असेल तर ते तीन वाहकांच्या पद्धतीचं असण्याची शक्यता मोठी. मल्टिमीटर असेल तर डाव्या आणि उजव्या चाकामधला रोध मोजा. मेर्क्लिनमध्ये दोन्ही बाजू जोडलेल्या असल्याने तो जवळजवळ शून्य येतो. दोन रुळांच्या गाडीत तसं होऊन चालणारच नाही, नाहीतर शॉर्टसर्किट होईल.

अडकलेल्या मोटरीला वीज दिली तर काय होतं?

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, डीसी मोटरीच्या वेटोळ्याचा रोध २० ओहम आहे आणि तुम्ही तिला १२ व्होल्ट दिले. मोटर मोकळेपणाने फिरत असेल तर ती स्वतःच जनित्रासारखी वागते आणि उलट्या दिशेने व्होल्टेज निर्माण करते. ते ८ व्होल्ट धरू. मग वेटोळ्याच्या वाट्याला फक्त ४ व्होल्ट उरतात. करंट ०.२ अँपिअर आणि तारेत निर्माण होणारी उष्णता ०.८ वॅट. काही बिघडत नाही.

तीच मोटर चिकटलेली असेल तर उलटं व्होल्टेज शून्य. पूर्ण १२ व्होल्ट वेटोळ्यावर येतात. करंट ०.६ अँपिअर, उष्णता ७.२ वॅट. करंट तिप्पट झाला, पण उष्णता नऊपट, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तांब्याच्या केसासारख्या तारेवर जे पातळ वार्निश असतं, ते या उष्णतेने करपतं. शेजारचे वेढे एकमेकांना चिकटून जोडले जातात आणि वेटोळं कायमचं निकामी होतं. चाळीस वर्षांत न बिघडलेली मोटर अशी मिनिटभरात जाते. "जरा जास्त पॉवर देऊन बघ, सुटेल" हा सल्ला नेमका इथेच महागात पडतो.

म्हणून पहिली चाचणी विजेची नाही, बोटाची. इंजिनाचं वरचं कवच काढा, आतला दातेरी गिअर बोटाने किंवा लाकडी काडीने अलगद फिरवून बघा. सहज फिरला तर उत्तम. जड वाटला तर कारण बहुधा तेल आहे.

तेलाची राळ

स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीच्या गळ्याशी जमणारा पिवळट, चिकट थर तुम्ही घासला असेलच. गाडीत तेच होतं. वनस्पतिजन्य तेलांच्या रेणूंमध्ये असलेल्या दुहेरी बंधांवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचं जाळं तयार होतं. द्रव हळूहळू चिकट आणि शेवटी कडक होतो. खनिज तेलात हे बंध फारसे नसतात, पण त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेलं तेलही सावकाश ऑक्सिडाइझ होतं. तांबं आणि पितळ या क्रियेचा वेग वाढवतात, आणि मोटरीत नेमके तेच धातू असतात. डच लोक अशा तेलाला फेरहार्स्ट म्हणतात. हार्स म्हणजे राळ.

हीच क्रिया चित्रकारांना मात्र हवी असते. जवसाच्या तेलात दुहेरी बंध भरपूर असतात, म्हणून ते हवेत सुकून टिकाऊ पापुद्रा होतो. द हेगच्या माउरिट्सहाउसमध्ये फरमीरचं मोत्याच्या डुलातल्या मुलीचं चित्र साडेतीनशे वर्षांनंतरही टिकलंय ते याच रसायनामुळे. चित्राला जे तारतं, तेच यंत्राला मारतं.

यंत्रांचा हा त्रास जुना आहे. फोरबर्ग स्टेशनवर उतरलात तर रुळांच्या अगदी शेजारी पाण्याने वेढलेलं हॉफवायक नावाचं टुमदार घर दिसतं. लंबकाचं घड्याळ घडवणारे ख्रिस्तियान हायगेन्स आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत इथे राहायचे. त्यांच्यानंतर घड्याळं जसजशी अचूक होत गेली, तसतसं घट्ट होणारं तेल ही कारागिरांची डोकेदुखी ठरली. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसन यांनी तर आपल्या काही घड्याळांमध्ये मुळातच तेलकट असलेलं लिग्नम व्हिटे हे लाकूड वापरून तेलच टाळलं.

आपल्याला एवढं करायची गरज नाही. पण एक चूक टाळा: घट्ट तेलावर नवीन तेल ओतू नका. राळ विरघळत नाही, नुसती लिबलिबीत होते आणि तेल कम्युटेटरवर पसरतं. आधी जुनं तेल काढायचं, मग नवीन द्यायचं. इथे दुकानात वासबेन्झिन नावाने मिळणारं साफसफाईचं पेट्रोल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन धुरांची टोकं आणि गिअर पुसा. लक्षात ठेवायच्या तीन गोष्टी:

१. ही दोन्ही द्रव्यं ज्वालाग्राही आहेत. खिडकी उघडी ठेवा आणि ती पूर्ण उडून जाईपर्यंत वीज देऊ नका. मोटरीत ठिणग्या पडतातच.

२. अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रव्य, वापरू नका. प्लॅस्टिकचं कवच त्यात विरघळतं. अल्कोहोलनेही रंग आणि छापलेली अक्षरं निघू शकतात, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यात चाचणी घ्या.

३. जुन्या डीसी मोटरीत अल्निको चुंबक असू शकतं. त्यामधून फिरणारा भाग बाहेर काढला की चुंबकीय वर्तुळ तुटतं आणि चुंबक कमजोर होतं. गरज नसताना मोटर पूर्ण उलगडू नका.

काळा थर

दुसरा दोष संपर्काचा. चाकापासून मोटरीपर्यंत वीज अनेक ठिकाणी फक्त टेकलेल्या धातूंमधून जाते. चाक आणि रूळ यांचा खरा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत होतो. तिथे ऑक्साइड, धूळ, तेल आणि बारीक ठिणग्यांनी जळलेला कचरा यांचा काळा थर बसतो. इतक्या कमी व्होल्टेजला असा पातळ थरही भिंतीसारखा वाटतो. गाडी अडखळते, दिवे लुकलुकतात.

सँडपेपर घेऊन घासण्याचा मोह होईल. त्याने रूळ क्षणभर चकाकतात, पण पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि त्यांत कचरा आणखी पटकन बसतो. शिवाय जुन्या पत्र्याच्या रुळांवरचा संरक्षक मुलामा निघून गंज सुरू होतो. अल्कोहोल लावलेलं सुती फडकं पुरेसं असतं. हट्टी डागांसाठी रूळ पुसायचं खास रबर मिळतं, तेही हलक्या हाताने वापरायचं. तीन वाहकांच्या गाडीत मधले ठिपके आणि इंजिनाखालची पट्टी विसरू नका.

मोटरीत शिरल्यावर कम्युटेटर बघा. जुन्या मोटरींमध्ये त्याचे बहुधा तीन तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक फटी. ब्रशची कोळशाची पूड त्या फटींत बसते. कार्बन वीजवाहक असल्याने तुकडे एकमेकांना जोडले जातात. दात कोरायच्या लाकडी काडीने फटी साफ करा, सुईने नको. मग मल्टिमीटरने तुकड्यांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर वेटोळी शाबूत आहेत. एक आकडा वेगळा आला तर तार तुटली आहे किंवा वेढे जोडले गेले आहेत, आणि अशा मोटरीला वीज देण्यात अर्थ नाही. ब्रश बाहेर काढलेत तर कोणता कुठे होता याचा फोटो काढून ठेवा. अनेक मेर्क्लिन मोटरींमध्ये एक कोळशाचा आणि दुसरा तांब्याच्या जाळीचा असतो.

जस्ताची कीड

आता तिसरा दोष, ज्याला औषध नाही. इंजिनाचा सांगाडा, कवच, चाकं हे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. त्यात शिशासारख्या धातूची अगदी थोडी भेसळ राहिली, तर ओलाव्याच्या मदतीने धातूच्या कणांमधल्या सीमांवर गंज चढत जातो. बाहेरून काही दिसत नाही, पण आतून धातू फुगतो, वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. डचमध्ये याला झिंकपेस्ट म्हणतात. पेस्ट म्हणजे प्लेग. नाव भीतीदायक असलं तरी हा रोग संसर्गजन्य नाही. एका इंजिनाचा दुसऱ्याला लागत नाही. तो ओतकामाच्या दिवशीच धातूत शिरलेला असतो.

उपाय माणसाने शोधला, पण तो कारखान्यासाठी होता. १९२०च्या दशकात कारण लक्षात आल्यावर अमेरिकेच्या न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून झमाक मिश्रधातू आणले. त्यानंतरही एखाद्या कारखान्यात भेसळीचं भंगार वितळवलं गेलं, तर दोष परत यायचा. म्हणून दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांकडे जास्त लक्ष द्या, पण नंतरच्या गाड्याही पूर्ण निर्धास्त नाहीत.

लक्षणं अशी: कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, फुगलेल्या कडा, वाकलेला सांगाडा, कवच सांगाड्यावर घट्ट अडकणं, धुरा जाम होणं. अशा वेळी जोर लावू नका, तुकडे पडतील. तो भाग बदलणं, किंवा गाडी न चालवता कोरड्या, स्थिर तापमानाच्या जागी जपणं, एवढंच हातात उरतं. "तेल घातलं तर सुटेल" म्हणून तासन् तास घालवण्याआधी ही तपासणी करावी ती यासाठी.

ट्रान्सफॉर्मर: इथे खरा धोका आहे

रुळांवरचे १६ व्होल्ट सुरक्षित असतात. भिंतीतले २३० नाहीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरचं रबर कडक होऊन तडकलं असेल, किंवा पेटी फुटली असेल, तर तो थेट विद्युत कचऱ्यात द्या. उघडून दुरुस्त करायला जाऊ नका.

वायर चांगली असली तरी दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, ती पेटी २२० व्होल्टसाठी बनलेली असते आणि आता युरोपात प्रमाण २३० आहे. ट्रान्सफॉर्मर फक्त गुणोत्तर पाळतो, त्यामुळे २४ व्होल्टचा दिशा बदलायचा झटका आता सुमारे २५ चा होतो. जुन्या इंजिनाला हे बहुधा चालतं, पण नव्या इलेक्ट्रॉनिक्सला झेपेलच असं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. समजा, एकाच रुळाला दोन एसी ट्रान्सफॉर्मर जोडले, एक चालू आणि दुसऱ्याचा प्लग बाहेर काढलेला. चालू असलेल्याचे १६ व्होल्ट रुळांतून दुसऱ्यात उलटे शिरतात आणि तिथे वाढून, मोकळ्या पडलेल्या प्लगच्या उघड्या पिनांवर २३० च्या आसपास येतात. मूल तो प्लग हातात धरू शकतं. म्हणून एका रुळाला एकच ट्रान्सफॉर्मर. मुलांसाठी तर नवीन, प्रमाणित वीजपुरवठा विकत घेतलेला बरा. जुनी पेटी शोभेला ठेवा. आणि हो, जुन्या रंगात शिसं असू शकतं. हाताळल्यावर हात धुवायचे आणि तोंडात वस्तू घालणाऱ्या लहानग्यांना दूर ठेवायचं.

पहिली धाव

सगळं स्वच्छ, कोरडं आणि बोटाने मोकळं फिरतंय? मग धुरांच्या टोकांना नवीन तेल द्या, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. कम्युटेटरवर अजिबात नको. गिअरला प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस, तेही नखाएवढं.

इंजिन पाठीवर ठेवा आणि कमी व्होल्टेजपासून सुरुवात करा, डीसी असेल तर तीन-चार व्होल्ट. दोन-तीन सेकंदांत फिरलं नाही तर वीज बंद करा आणि पुन्हा हाताने तपासा. फिरलं तर दोन्ही दिशांनी दहा-दहा मिनिटं सावकाश चालू द्या. सुरुवातीच्या बारीक ठिणग्या आणि ओझोनसारखा वास चालतो. करपट वास मात्र चालत नाही. मग गाडी रुळावर ठेवा, आधी एकटं इंजिन, नंतर डबे. चाकं जागच्या जागी गरगरत असतील तर चाकावरची रबरी कडी वाळून कडक झाली आहे. रबरातही ऑक्सिजन तेच करतो जे तेलात करतो. नवीन कडी स्वस्तात मिळते.

चालती गाडी टिकते

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे गाड्या काचेच्या कपाटात नाहीत, त्या प्रेक्षकांसमोर धावतात. सुट्टीत घरी गेलात तर मुलांना घेऊन जरूर जा. इथे द हेगच्या मादुरोदाममध्येही छोट्या गाड्या धावताना दिसतात, फक्त त्या १/२५ प्रमाणाच्या. नियमित धावणाऱ्या गाडीचे संपर्क घर्षणाने आपोआप घासले जातात, तेल एका जागी बसत नाही, आणि बिघाडाचा आवाज लवकर ऐकू येतो.

तेव्हा तुमची गाडी चालू झाली की परत झोल्डरवर नेऊ नका. तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात दमट गारठा असतो. राहत्या खोलीतलं कपाट, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी दहा मिनिटांची फेरी एवढं पुरे. खोक्यात एक चिठ्ठी ठेवा: कोणती गाडी, किती व्होल्ट, कोणतं तेल, कधी घातलं. ती चिठ्ठी मुलांकडून मराठीत लिहून घ्या. पुढे कधी त्यांनीच ते खोकं उघडलं, तर प्लग लावण्याआधी काय करायचं ते त्यांच्याच अक्षरात सापडेल.